कुंपणाची झाडं, परसातली झाडं



झाड कोणतं लावावं हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याची उत्तरंही ठरून गेलेली आहेत. सावली हवी तर कडुनिंब, फळ हवं तर आंबा, देवाला फूल हवं तर जास्वंद, दारापुढं शोभा हवी तर बोगनवेल. नर्सरीवालाही हेच विचारतो, 'शोभेचं पाहिजे की फळाचं?' 'सशांना चालेल असं झाड द्या' म्हणणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटत असावं. मी सोलापुरातल्या एका नर्सरीत हे वाक्य उच्चारलं, तेव्हा तो गृहस्थ माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "सशाला काय साहेब, काय बी चालतंय. पाला खाणारं जनावर हाय ते."

आजचं माझं बोलणं या 'काय बी चालतंय'विषयीच आहे.

तसा मी पशुवैद्य नाही, वनस्पतिशास्त्रही शिकलेलो नाही. बी.ए.पर्यंत मराठी, दिवसा कारकुनी आणि रात्री कविता, असा माझा संसार. पण मुलीचं बिऱ्हाड पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, आणि नातीला हवे होते ससे. तेव्हा तडजोड अशी झाली की ससे आजोळी राहतील आणि नात सुट्टीत येऊन त्यांच्यावर मालकी गाजवेल. पांढरा तो काजू आणि तपकिरी तो बदाम. नावं अर्थातच तिची. दोघांना मोकळं फिरायला घरामागचं अंगण द्यायचं ठरलं आणि त्या अंगणात काय लावायचं, काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचा अभ्यास माझ्या वाट्याला आला. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे आज दुसरीत असलेली माझी नात दहावीच्या पुढं जाईपर्यंतची ही जबाबदारी. तेवढ्या काळात झाडही पुरतं वाढतं. म्हणून पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं, शेतीखात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना विचारलं, पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो आहे.

आधी ससा म्हणजे कोण, ते पाहू. आपल्या माळरानावर उड्या मारतो तो ससा आणि बाजारातून पिंजऱ्यात घालून आणतो तो ससा, यांना मराठीत शब्द एकच. प्राणी मात्र दोन. माळावरचा ससा उघड्यावर, गवताच्या आडोशानं राहतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच जन्माला येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यानुसार त्याला संरक्षण आहे, त्याला धरून आणून पाळता येत नाही. पाळीव ससा मूळचा युरोपच्या नैऋत्य टोकाचा, स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळात राहणारा, आणि त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. शिवाय आपल्या घरी येणारा ससा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला असतो. रानातलं पिल्लू काय खावं, काय टाळावं ते शिकतं. याला ती शाळाच मिळालेली नाही. 'जनावराला आपोआप कळतं' असं आपण म्हणतो, पण पाळीव सशाच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नाही.

दुसरी गोष्ट दातांची. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात झिजलेच नाहीत तर वर्षाला १० ते १२ सेंटिमीटर वाढतील. म्हणून तो सतत काहीतरी कुरतडत असतो. भूक लागली म्हणून खाल्लं आणि पोट भरलं म्हणून थांबलं, असा त्याचा हिशेब नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सशाला उलटी होत नाही. कुत्र्यामांजरानं काही वावगं खाल्लं तर ते पुष्कळदा ओकून मोकळं होतं. सशाच्या शरीरात ती सोयच नाही. पोटात गेलं ते पुढंच जायचं. तोंड थांबत नाही आणि पोट परत करत नाही, असं हे जनावर आहे. त्यामुळे त्याच्या अंगणात काय उगवतं याचा विचार त्याच्या वतीनं आपल्यालाच करावा लागतो.

मग कशाला हवीत झाडं, फरशी घालून टाकावी, असं कुणी म्हणेल. पण आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि हवा तिशीच्या पुढं गेली की कानांचं हे काम अपुरं पडू लागतं. उन्हाच्या झटक्यानं ससा काही तासांत दगावू शकतो. भर उन्हाळ्यात दुपारी त्याला घरातच घ्यावं लागतं, पण सकाळ-संध्याकाळच्या मोकळिकीसाठीही दाट सावली लागतेच. पत्र्याखालची सावली आणि झाडाखालची सावली यांतला फरक सोलापूरकरांना मी सांगायला नको. तेव्हा झाडं हवीतच. प्रश्न एवढाच की कोणती.

यादी करायला बसलो तेव्हा पहिल्यांदा विषारी झाडं लिहून काढली आणि थक्क झालो. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, रुई, शेर, मोगली एरंड, साधा एरंड, घाणेरी, धोतरा, गुंज, ड्युरांटा. हल्ली गच्च्यांवर मिरवणारं अडेनियम तर कण्हेरीच्याच कुळातलं. ही सगळी आपल्या रोजच्या पाहण्यातली झाडं. एवढी विषारी झाडं माणसानं आपल्याच घराभोवती हौसेनं का लावली असतील?

उत्तर सोपं आहे. यातली बरीचशी कुंपणाची झाडं आहेत. कुंपणाला आपण अशीच झाडं निवडतो की ज्यांना शेळी तोंड लावणार नाही, गाय फिरकणार नाही. हमरस्त्याच्या मधोमध दुभाजकांवर मैलोन्‌मैल कण्हेर फुललेली दिसते. तिला पाणी कमी लागतं, हे एक कारण. पण मोकाट जनावरं तिला खात नाहीत, हे दुसरं तितकंच मोठं कारण. जनावर खात नाही ते झाड टिकतं, आणि जनावर खात नाही ते बहुधा विषारी असतं म्हणूनच. शेकडो वर्षांच्या या निवडीतून आपली कुंपणं विषारी झाली आहेत. त्यात चूक काही नाही, कुंपणाचं कामच ते. फक्त त्या कुंपणाच्या आत आता एक पाला खाणारं जनावर आलं आहे.

आता घराच्या पुढचं कुंपण सोडून मागच्या दारी या. तिथं जुन्या बायकांनी काय लावलेलं असायचं? शेवगा, हदगा, पेरू, केळ, जास्वंद, कुठं तुतीचं एखादं झाड, मोरीच्या पाण्यावर वाढलेली हरळी. परसातली झाडं निवडताना कसोटी एकच होती, ते घरच्या तोंडी लागेल का. पुढच्या दारी पाहण्यासाठी, मागच्या दारी खाण्यासाठी. सशासाठी झाड निवडायचं तर बहुतेक उत्तरं या मागच्या दारी सापडतात, हा माझ्या सगळ्या अभ्यासाचा सारांश. कुंपणाची झाडं टाळा, परसातली लावा.

अर्थात परसातलं सगळंच चालतं असंही नाही. अळू घ्या. अळूचं फदफदं आपण चवीनं खातो, पण कच्चं पान तोंडात धरलं तर घशाला खाज सुटते. म्हणून तर त्यात चिंच पडते, ते चांगलं शिजवलं जातं. बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला आपण खातच नाही, सशालाही देऊ नये. कांद्याची पातही नको. बांबूचा पाला चालतो, पण बांबूचे कोवळे कोंब कच्चे देऊ नयेत. माणसंही ते उकळून, पाणी टाकून देऊनच खातात. आपल्या चुलीनं किती विषं निवारली आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. ससा स्वयंपाक करत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तर हे जन्मापासून ठाऊक आहे. ज्वारी ही आमची अन्नदाती. तिच्या भाकरीवर आम्ही वाढलो, तिच्या कडब्यावर आमची गुरं जगली. पण तीच ज्वारी पोटरीत येण्याआधी, कोवळी असताना, पाण्याचा ताण बसलेली गुरानं खाल्ली तर त्याला किराळ लागते आणि बघता बघता जनावर आडवं होतं. एकच झाड एका वयात विष आणि दुसऱ्या वयात अन्न. तेव्हा 'ज्वारी चालते का?' असं विचारून भागत नाही, 'कोणत्या वयाची?' असंही विचारावं लागतं.

'पण शेळी खाते की हो ते!' असं सांगणारी मंडळी भेटतात. शेळीचा हा दाखला किती फसवा आहे, त्याची सुबाभळीइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. गेल्या शतकाच्या सत्तरीत-ऐंशीत महाराष्ट्रभर सुबाभूळ लावली गेली. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेनं तिचा प्रसार केला. झपाट्यानं वाढणारं झाड, भरपूर पाला, सरपणाला लाकूड. शेळ्या तो पाला आवडीनं खातात. पण त्या पाल्यात मिमोसीन नावाचा एक पदार्थ असतो. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणारी गुरं आजारी पडत, त्यांचे केस गळत, गलगंड होई. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र काहीच होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं कारण शोधलं. त्या शेळ्यांच्या पोटात एक जीवाणू होता, तो हे विष पचवून टाकत होता. पुढं त्या जीवाणूला जोन्सचंच नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी. म्हणजे सुबाभूळ पचवते ती शेळी नव्हे, शेळीच्या पोटातला तो अदृश्य भाडेकरू. सशाचं पोट शेळीसारखं रवंथ करणारं नाही. त्याला सुबाभूळ फार झाली की केस गळतात आणि वाढ खुंटते. शेळीचा दाखला सशाला लागू पडत नाही तो असा.

बरं, एका सशाचा दाखला दुसऱ्या सशाला तरी लागू पडावा! तेही नाही. काही सशांच्या रक्तात धोतऱ्याच्या जातीतलं विष मोडून काढणारं एक विकर असतं. ते ससे धोतऱ्याचं पान खाऊनही ठणठणीत राहतात. पण हे विकर काही सशांत आनुवंशिकतेनं येतं, काहींत येत नाही. दिसायला दोघेही सारखेच. तेव्हा 'आमच्या सशानं खाल्लं, काही झालं नाही' या वाक्यावर विसंबून राहू नये.

झाड ओळखण्यात नावांचाही घोळ फार. कवी म्हणून मला आपल्या भाषेतल्या झाडांच्या नावांचा अभिमान आहे, पण बाग लावताना ती नावं दगा देतात. 'चाफा' म्हटलं की कुणाला सोनचाफा आठवतो, कुणाला देवचाफा, कुणाला हिरवा, कुणाला कवठी, कुणाला नागचाफा. कवितेत हे सगळे एकाच ओळीत नांदतील, पण झाडं म्हणून त्यांतल्या बहुतेकांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. देवचाफ्याची फांदी मोडा, पांढरा चीक ठिबकतो. तोही कण्हेरीच्याच कुळातला. सोनचाफ्याला तसला चीक नाही. म्हणून मी एक घरगुती नियम केला. पान तोडून पाहायचं, पांढरा चीक आला तर ते झाड सशांच्या अंगणात आणायचं नाही. रुई, शेर, कण्हेर, बिट्टी, देवचाफा या नियमानं बाहेर पडतात. याला ठळक अपवाद तुतीचा. तुतीच्या देठातून पांढरा चीक निघतो, तरी तिचा पाला सशांना उत्तम. आणि चीक नाही म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. धोतऱ्याला, घाणेरीला असा पांढरा चीक नसतो. नियम चाळणीपुरता ठीक, निवाडा करायला झाडाचं नेमकं नावच माहीत असावं लागतं. नर्सरीतून झाड घेताना शास्त्रीय नावाची चिठ्ठी मागून घ्यावी, ती याचसाठी.

आता काय लावलं, ते सांगतो.

पहिली तुती. पावसाळ्याच्या तोंडाला बोटभर जाडीच्या, वीत-दीड वीत लांबीच्या फांद्या ओल्या मातीत तिरप्या खोवल्या की रुजतात. वर्ष-दीड वर्षात डोक्यावर जाते, सावली दाट, आणि छाटली की पुन्हा फुटते. पाला ससे अधाशासारखे खातात, छाटलेल्या फांद्या कुरतडायला होतात. दुसरा पेरू. त्याचा पाला आणि कोवळ्या काटक्या दोन्ही चालतात. तिसरी जास्वंद, तिचं पान चालतं, फूलही चालतं. लाल फूल समोर धरलं की काजू ते देठापर्यंत असं आत ओढून घेतो की नात हसून हसून लोळते. चौथा हदगा, पाचवा शेवगा. शेवग्याचा पाला पौष्टिक खरा, पण त्यात चुना म्हणजे कॅल्शियम फार. ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतो आणि ते फार झालं तर मूत्राशयात गाळ साठतो. म्हणून शेवगा मूठभर, तोही रोज नाही. शिवाय शेवग्याची मुळी आणि साल पाल्याइतकी निर्धोक नाहीत. ते झाड मी जाळीच्या पलीकडं लावलं आहे, पाला हातानं देतो. कोपऱ्यात केळ आहे, तिचं पान चालतं. जमिनीवर हरळी आणि मारवेल गवत.

आणि हे सगळं असूनही सशाचं मुख्य अन्न झाडाचा पाला नव्हे, गवत आहे. ओलं आणि वाळलेलं. त्याच्या खाण्यात मोठा वाटा गवताचा हवा, पाला तोंडी लावण्यापुरता. आपण चटणी-कोशिंबीर खातो तसा. कडुनिंबाचं विचाराल, तर तो सावलीला ठेवला आहे, पण चाऱ्यात धरत नाही. खाली पडलेला पाला रोज झाडून घेतो.

आणखी एक काळजी. नर्सरीतून आणलेल्या रोपावर औषध फवारलेलं असतं, कुंडीच्या मातीत कीटकनाशकाचे दाणे असतात. झाड कितीही निर्धोक असलं तरी ते औषध निर्धोक नसतं. नवं रोप मी दीड-दोन महिने सशांच्या आवाक्याबाहेर ठेवतो. जुनी पानं काढून टाकतो, नवी पालवी आली की मगच जमिनीत लावतो.

झाडापासून सशाला जपावं, तसं सशापासून झाडालाही जपावं लागतं. कोवळ्या झाडाची साल हा सशाचा खाऊ. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. सशानं बुंध्याभोवती साल गोल सोलली की तो रस्ता तुटतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. १८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात चोवीस ससे सोडले. काही दशकांत तिथल्या गवताची आणि कोवळ्या झाडांची जी वाताहत झाली, ती इतिहासात नोंदली गेली आहे. आमचे दोनच आहेत, पण दात तेच. म्हणून प्रत्येक बुंध्याभोवती दोन फूट उंचीची बारीक जाळी, थोडी जमिनीत पुरलेली. ससा उकरतो, हेही विसरून चालत नाही.

आता शेवटची गोष्ट. यादी करताना सगळ्यांत वर ज्या झाडाचं नाव लिहिलं होतं, ते झाड माझ्याच अंगणात उभं होतं. लाल कण्हेर, माझ्या अम्मांनी लावलेली. त्या काळी अम्मांच्या शेळ्या होत्या, मोहल्ल्यातल्या कोंबड्या-शेळ्याही आमच्याच अंगणात. जे लावावं ते फस्त. तेव्हा कुणीतरी ही फांदी आणून दिली. शेळ्यांनी तिला तोंड लावलं नाही. मग १९७२चा दुष्काळ आला. पेरू वाळला, लिंबू वाळलं, कण्हेर राहिली. त्या वर्षी आमच्या गल्लीत हिरवं म्हणायला तेवढं एक झाड होतं, असं अम्मा सांगायच्या. आणि भिंतीपलीकडच्या अक्का त्या वेळेपासून रोज सकाळी त्या कण्हेरीची फुलं महादेवासाठी नेत आल्या आहेत. अम्मा गेल्या, फुलं नेणं चालू राहिलं. मी सकाळी उठण्याआधी मागच्या दाराची कडी वाजते, ती अक्कांची, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

जाळी लावून कण्हेर ठेवता येईल का, याचा मी आठवडाभर विचार केला. पण कण्हेरीचं वाळलेलं पानही ओल्याइतकंच विषारी असतं. आणि सोलापूरचा वारा जाळीला कधी जुमानतो? पान उडणार आणि कधीतरी काजू-बदामच्या तोंडी लागणार. त्यात सुट्टीतली नात सगळ्या अंगणभर खेळणार. जनावर खात नाही या गुणावर जे झाड दुष्काळातून तरलं, ते त्याच गुणापायी काढावं लागणार होतं.

अक्कांना सांगायला गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "विषारी आहे ते मला तू सांगतोस होय रे? पन्नास वर्षं फुलं तोडतेय, पण हात धुतल्याशिवाय कधी चहाचा कप धरला नाही. तुझ्या अम्मांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तुझ्या अम्मांचं झाड आहे, तू काढ. पण महादेवाला कण्हेर लागते. आणि सशांसाठी काय लावणार म्हणालास? जास्वंद? मग ती भिंतीला लागून लाव. गणपतीचं माझं भागेल."

तसंच केलं. कण्हेरीच्या चार फांद्या अक्कांच्या गच्चीवर, रस्त्याकडच्या बाजूला, कुंडीत लावल्या. तीन रुजल्या. तिथं ना ससा जातो ना शेळी. मूळ झाड मी हातमोजे घालून स्वतः तोडलं. ते जाळायचं नाही, त्याचा धूरही बाधतो. रस्त्यावर टाकायचं नाही, मोकाट गुरांच्या तोंडी जायचं. लहान तुकडे करून, पानापानासकट खोल खड्ड्यात पुरलं, तेही सशांच्या अंगणाबाहेर. मूळ उकरायला दोन दिवस लागले. जास्वंद आता भिंतीच्या वर गेली आहे. पलीकडं झुकलेली फुलं अक्कांची, अलीकडची सशांची.

तर श्रोतेहो, तुमच्या घरी ससे असतील तर एवढंच सांगेन. ससा दहा-बारा तास काही खात नसेल, त्याच्या लेंड्या थांबल्या असतील, तर सकाळपर्यंत थांबू नका, पशुवैद्य गाठा. आणि अंगणातलं काही खाल्ल्याचा संशय असेल तर त्याची एक डहाळी बरोबर न्या. डॉक्टरांना सशाच्या तोंडून काही कळणार नसतं, डहाळीवरून कळतं.

आणि झाडं लावण्याआधी, किंवा असलेल्या झाडांत ससे सोडण्याआधी, एकदा अंगणात गुडघे टेकून खाली बसा. जमिनीपासून वीतभर उंचीवरून बाग पाहा. तिथून फुलं फारशी दिसत नाहीत. दिसतात खाली पडलेली पानं, जमिनीलगतचे फुटवे, भिंतीच्या कडेनं आपोआप उगवलेली रोपं. सशाची बाग तेवढीच असते. ती एकदा नीट तपासली की वर काय फुलतं, ते तुमच्या आवडीनं ठरवा.